साठवलेल्या प्रकाशाचे पुनःसंस्करण

हौशी खगोलछायाचित्रकाराने तयार केलेले देवयानी दीर्घिकेचे छायाचित्र पाहताना ते कॅमेऱ्याच्या एकाच उघडझापीत टिपले गेले असावे, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात मात्र अशा छायाचित्रामागे तीन-तीन किंवा पाच-पाच मिनिटे एक्सपोजर दिलेल्या शेकडो स्वतंत्र फ्रेम्स असतात, त्या अनेक रात्रींत मिळून गोळा झालेल्या असतात, आणि त्यांची बेरीज, वजाबाकी, भागाकार व पुनर्मांडणी केल्यानंतरच डोळ्यांना दिसणारे चित्र हाती लागते. या सर्व गणिती आणि दृश्य क्रियांना मिळून प्रतिमासंस्करण म्हणतात, आणि एकदा पूर्ण झालेले हे काम बाजूला ठेवून मूळ फ्रेम्सपासून ते पुन्हा पहिल्यापासून करणे म्हणजे पुनःसंस्करण. दुर्बीण तीच, रात्री त्याच, साठवलेला प्रकाशही तोच. तरीही पाच-सात वर्षांनी केलेल्या पुनःसंस्करणातून दीर्घिकेच्या कडेचा पूर्वी न दिसलेला विस्तार उमटतो, धुळीचे पट्टे स्पष्ट होतात, ताऱ्यांचे रंग पालटतात. हे नवे कोठून येते आणि त्यातले किती खरे मानावे, हे दोन्ही प्रश्न एकत्रच सोडवावे लागतात. कारण मूळ फ्रेम्स हा पुरावा असतो, तर तयार चित्र हा त्या पुराव्याचा अर्थ लावण्याचा एक प्रयत्न असतो.

देवयानी दीर्घिका, म्हणजे मेसिएच्या यादीतील एम-31, आपल्यापासून सुमारे 25 लाख प्रकाशवर्षे दूर आहे. महाश्वाचा चौकोन आणि शर्मिष्ठा यांच्या दरम्यान, अंधाऱ्या ठिकाणाहून ती नुसत्या डोळ्यांना धुरकट ठिपक्यासारखी दिसते, आणि इराणी खगोलविद अल-सूफी याने इ. स. 964 च्या सुमारास आपल्या तारकाग्रंथात तिची नोंद लहानसा ढग अशी केलेली आहे. डोळ्यांना जाणवतो तो केवळ तिच्या केंद्राकडचा तेजस्वी भाग. दीर्घिकेची पूर्ण तबकडी आकाशात तीन अंशांहून अधिक लांब, म्हणजे पूर्णचंद्राच्या सहा पट पसरलेली आहे. पुण्याच्या अक्षांशावरून ती उत्तरेकडे क्षितिजापासून सुमारे 67 अंश उंचीवर याम्योत्तर वृत्त ओलांडते आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात संध्याकाळनंतर छायाचित्रणासाठी सर्वांत सोयीची असते. जून ते सप्टेंबर हे चार महिने महाराष्ट्रातील आकाश ढगांनी बंदच असते, त्यामुळे येथील निरीक्षकाला मागच्या हिवाळ्यातील फ्रेम्स पुन्हा उघडण्यासाठी वेगळी सवड काढावी लागत नाही.

या दीर्घिकेचे संस्करण अवघड ठरण्याचे मुख्य कारण तिच्या तेजातील प्रचंड तफावत हे आहे. केंद्रकाच्या आणि तबकडीच्या बाहेरच्या कडेच्या पृष्ठतेजात, म्हणजे आकाशाच्या समान क्षेत्रफळातून येणाऱ्या प्रकाशात, दहा हजार पटींहून अधिक फरक आहे. शिवाय ही बाहेरची कड खुद्द रात्रीच्या आकाशापेक्षा कितीतरी मंद आहे. खगोलविद पृष्ठतेज दर चौरस विकलेमागे प्रत या एककात मोजतात, ज्यात आकडा जितका मोठा तितका प्रकाश मंद, आणि पाच प्रतींचा फरक म्हणजे शंभर पट. अत्यंत अंधाऱ्या ठिकाणी आकाशाचे पृष्ठतेज सुमारे 22 असते, मोठ्या शहरात ते 18 किंवा त्याहून वाईट असते, आणि दीर्घिकांभोवतीचे ताऱ्यांचे विरळ प्रवाह 27 च्या आसपास असतात. उत्तमातल्या उत्तम आकाशातही असा प्रवाह त्याच्यावर पसरलेल्या आकाशप्रकाशाच्या शंभराव्या हिश्शाइतकाच असतो, आणि तो वेगळा काढणे हेच या साऱ्या खटाटोपाचे ध्येय असते.

तो वेगळा काढता येतो तो मोजणीच्या नियमामुळे. प्रकाश फोटॉनच्या रूपात येतो आणि फोटॉन संवेदकावर नियमित अंतराने येत नाहीत. वळवाच्या पहिल्या सरीत अंगणातल्या सारख्या आकाराच्या फरशांवर थेंबांची संख्या जशी कमीजास्त होते, तशी समान प्रकाश पडणाऱ्या दोन पिक्सेलमधील फोटॉनसंख्याही वेगवेगळी येते. हा चढउतार सरासरी संख्येच्या वर्गमुळाइतका असतो, आणि त्यालाच नॉइज म्हणतात. समजा, शहराजवळून घेतलेल्या पाच मिनिटांच्या एका फ्रेममध्ये तबकडीच्या कडेवरील एका पिक्सेलला दीर्घिकेकडून 25 आणि उजळलेल्या आकाशाकडून 400 फोटॉन मिळाले. एकूण 425 चे वर्गमूळ सुमारे 21 येते. म्हणजे 25 चा खरा संकेत 21 च्या चढउतारात बुडालेला असतो आणि त्या फ्रेममध्ये ती कड दिसत नाही. अशा शंभर फ्रेम्सची बेरीज केली की संकेत 2,500 होतो, पण नॉइज शंभर पट न वाढता दहा पटच वाढून सुमारे 206 होतो, आणि संकेत नॉइजच्या बारा पट होऊन दीर्घिकेची कड निःसंशय वर येते. आता हेच निरीक्षण अंधाऱ्या गावातून केले आणि आकाशाचे फोटॉन 400 ऐवजी 10 झाले, तर एकाच फ्रेममध्ये संकेत नॉइजच्या चौपटीपर्यंत पोहोचतो, ज्यासाठी शहरात सुमारे बारा फ्रेम्स लागतात. शहराबाहेर चार तास प्रवास करून जाणारे निरीक्षक हा प्रवास कशासाठी करतात, ते या एका गणितावरून कळावे.

हाच नियम पुनःसंस्करणाचे पहिले आणि सर्वांत सरळ कारण पुरवतो. पहिल्या वर्षी घेतलेल्या फ्रेम्समध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या हिवाळ्यातील फ्रेम्स मिळवल्या, तर मंद भाग ठळक होत जातो, आणि यासाठी जुने तयार चित्र निरुपयोगी असते. जुन्या मूळ फ्रेम्सच हव्या असतात. मात्र फायदा वर्गमुळाच्या हिशेबाने मिळत असल्यामुळे नॉइज निम्म्यावर आणायचा तर एकूण एक्सपोजर चौपट करावे लागते, आणि म्हणूनच दहा तासांच्या साठ्यात एका तासाची भर घालून विशेष काही बदलत नाही.

बेरजेपूर्वी प्रत्येक फ्रेम शुद्ध करावी लागते. संवेदकातून प्रत्येक वाचनासोबत एक ठरावीक मूळ पातळी येते, तिची नोंद शून्याजवळच्या एक्सपोजरच्या बायस फ्रेम्समध्ये होते. संवेदकाच्या उष्णतेमुळे प्रकाश नसतानाही काही इलेक्ट्रॉन जमा होतात, त्यांची नोंद झाकण लावून तितक्याच वेळेच्या व तितक्याच तापमानाच्या डार्क फ्रेम्समध्ये होते. आणि दुर्बिणीच्या कडांकडे प्रकाश कमी पोहोचत असल्यामुळे व काचांवर धूळ असल्यामुळे जो असमानपणा येतो, त्याची नोंद एकसारख्या उजळलेल्या पृष्ठभागाच्या फ्लॅट फ्रेम्समध्ये होते. बायस आणि डार्क वजा करायचे असतात, फ्लॅटने भागायचे असते. या तिघांत फ्लॅटकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते, आणि मंद दीर्घिकेच्या बाबतीत सर्वांत जास्त नुकसानही फ्लॅटच्या अभावानेच होते. संवेदकाच्या काचेवरील धुळीचा एक कण फ्रेममध्ये मधोमध फिकट भोक असलेल्या गडद चकतीच्या रूपात दिसतो. त्याने प्रकाश फक्त दोन टक्क्यांनी कमी केला, तरी आकाशाच्या एक टक्का तेजाचा प्रवाह शोधणाऱ्यासाठी तो डाग शोधवस्तूच्या दुप्पट ठळक असतो. जुन्या फ्रेम्सच्या पुनःसंस्करणात चांगली सुधारणा पुष्कळदा इथेच होते. सुरुवातीच्या काळात निष्काळजीपणे वापरलेले किंवा चुकीच्या रात्रीचे फ्लॅट बदलून त्या रात्रीचेच खरे फ्लॅट लावले की दीर्घिकेभोवतीचे ढगाळ डाग निघून जातात.

शुद्ध झालेल्या फ्रेम्स ताऱ्यांच्या स्थानांवरून एकमेकींवर तंतोतंत बसवल्या जातात आणि मग त्यांचे स्टॅकिंग, म्हणजे पिक्सेलनिहाय एकत्रीकरण, होते. एका पिक्सेलसाठी साठ फ्रेम्समधून साठ मूल्ये मिळाली आणि त्यातले एक इतरांपेक्षा फारच मोठे असले, तर तिथून त्या क्षणी उपग्रह किंवा विमान गेले असले पाहिजे किंवा वैश्विक किरण संवेदकावर आदळला असला पाहिजे, असे मानून ते मूल्य सरासरीतून वगळले जाते. फ्रेम्स जितक्या जास्त, तितका हा निवाडा विश्वासार्ह. दर काही फ्रेम्सनंतर दुर्बीण जाणूनबुजून थोडी सरकवली असेल, तर संवेदकाचे कायमचे दोष प्रत्येक फ्रेममध्ये आकाशाच्या वेगळ्या बिंदूवर पडतात आणि तेही याच रीतीने गळून जातात. डीपस्कायस्टॅकर, सिरिल यांसारख्या मोफत आज्ञावल्या आणि पिक्सइनसाइटसारखी विकतची आज्ञावली हे काम करतात. फ्रेम्सना त्यांच्या गुणवत्तेनुसार कमीजास्त वजन देण्याची नवी सोय झाल्यामुळे धुरकट हवेच्या रात्री घेतलेल्या फ्रेम्सही टाकून न देता मर्यादित प्रमाणात वापरता येतात.

यानंतरचा टप्पा सर्वांत धोक्याचा, आणि तो नीट समजून घेण्यासारखा आहे. शहराकडच्या क्षितिजाच्या बाजूने आकाश अधिक उजळ असते, चंद्रप्रकाश एका कोपऱ्यातून येतो, आणि त्यामुळे स्टॅक केलेल्या प्रतिमेत एका कडेकडून दुसरीकडे उतरत जाणारा प्रकाशाचा उतार, म्हणजे ग्रेडियंट, पसरलेला असतो. तो काढण्यासाठी प्रतिमेत जिथे केवळ आकाश आहे अशा जागी नमुनाबिंदू ठेवले जातात, त्यांच्या मूल्यांवरून संपूर्ण पार्श्वभूमीचा एक गुळगुळीत पृष्ठभाग गणिताने तयार केला जातो आणि तो प्रतिमेतून वजा केला जातो. लहान दीर्घिकेच्या बाबतीत हे सोपे आहे, कारण तिच्याभोवती रिकामे आकाश भरपूर असते. देवयानी दीर्घिका मात्र बहुतेक हौशी दुर्बिणींच्या दृष्टिक्षेत्राला कडेपर्यंत व्यापते. तिच्या विरळ बाह्य ताऱ्यांचा विस्तार तर त्याही पलीकडे जातो. अशा वेळी सहचर दीर्घिका एम-110 च्या थोडे बाहेर, डोळ्यांना काळ्या दिसणाऱ्या जागी एक नमुनाबिंदू ठेवला, तर त्या जागी दीर्घिकेचा मंद प्रकाश असूनही आज्ञावली तो आकाशाचा समजते आणि पुसून टाकते. चित्र बाहेर येते ते स्वच्छ, काळ्याभोर पार्श्वभूमीचे आणि पाहणाऱ्याला आवडणारे. पण तबकडी जिथे हळूहळू विरायला हवी तिथे ती एकाएकी तुटते आणि तिच्याभोवती अस्वाभाविक गडद वलय उमटते. शंभर फ्रेम्स घेऊन जो प्रकाश महत्प्रयासाने गोळा केला, तोच एका चुकीच्या बिंदूने फेकून दिला जातो.

हौशी छायाचित्रकारांच्या पहिल्या प्रयत्नांमध्ये ही चूक वारंवार आढळते, आणि पुनःसंस्करणात देवयानी ‘मोठी’ झाल्यासारखी दिसते, तिचे कारण पुष्कळदा एवढेच असते की आधीच्या वेळी तिची कड छाटली गेली होती. नमुनाबिंदू थोडेच, दूरच्या कोपऱ्यांतच ठेवणे, पृष्ठभागाचे गणित शक्य तितके साधे ठेवणे, आणि वजा केलेली पार्श्वभूमी स्वतंत्र प्रतिमा म्हणून उघडून पाहणे, हे त्यावरचे उपाय आहेत. त्या वजा केलेल्या प्रतिमेत दीर्घिकेच्या लंबवर्तुळाची पुसट छाया दिसली, तर उतारासोबत दीर्घिकाही वजा झाली आहे, हे निश्चित समजावे. ही तपासणी करायला अर्धे मिनिट लागते, आणि ती न करता पुढे जाणे कोणत्याही गंभीर निरीक्षकाला शोभत नाही.

इथपर्यंतची प्रतिमा रेषीय असते, म्हणजे पिक्सेलमधील संख्या पडलेल्या प्रकाशाच्या सरळ प्रमाणात असते. सोळा बिटांच्या नोंदीत 65,536 पातळ्या असतात, पण दीर्घिकेचा बहुतेक भाग त्यांच्या तळाच्या थोड्याशा टप्प्यात दाटलेला असल्यामुळे पडद्यावर काळोखात काही तारे आणि केंद्रकाचा ठिपका एवढेच दिसते. खालच्या पातळ्या ताणून वर आणण्याच्या क्रियेला स्ट्रेचिंग म्हणतात. साध्या पद्धतीने ताणले की केंद्रक पांढरेफटक होऊन त्यातील धुळीच्या रेषा नाहीशा होतात आणि तारे रंग गमावतात. 2004 मध्ये रॉबर्ट लप्टन आणि सहकाऱ्यांनी स्लोन डिजिटल स्काय सर्व्हेच्या प्रतिमांसाठी मांडलेल्या पद्धतीत यासाठी असे फलन वापरले आहे, जे मंद प्रकाशासाठी जवळजवळ सरळ प्रमाणात चालते आणि तेजस्वी प्रकाशासाठी लॉगरिदमसारखे मंदावते. शिवाय ते तिन्ही रंगांच्या एकत्रित तीव्रतेवर लावले जात असल्याने रंगांचे परस्पर प्रमाण टिकते. जुन्या चित्रातील पांढरे तारे पुनःसंस्करणात पिवळे, नारिंगी, निळसर होतात ते अशा पद्धतींमुळे. तो रंग मूळ फ्रेम्समध्ये होताच. अपवाद फक्त त्या पिक्सेलचा, ज्यांची क्षमता एक्सपोजर चालू असतानाच भरून गेली. तिथली माहिती कायमची गेलेली असते, आणि म्हणूनच केंद्रकासाठी काही सेकंदांच्या वेगळ्या फ्रेम्स घेऊन ठेवण्याची रीत आहे.

रंगांबाबत गेल्या काही वर्षांत झालेला बदल अधिक समाधानकारक आहे. पूर्वी रंगांचा समतोल डोळ्यांच्या अंदाजाने साधला जाई. आता युरोपीय अवकाशसंस्थेच्या गाया उपग्रहाने 2022 मध्ये प्रसिद्ध केलेल्या कोट्यवधी ताऱ्यांच्या वर्णपटांशी प्रतिमेतील ताऱ्यांची तुलना करून, वापरलेला संवेदक आणि फिल्टर लक्षात घेऊन, रंगांचे प्रमाण गणिताने ठरवता येते. अशा मोजणीनंतर देवयानीचा मध्यभाग वृद्ध ताऱ्यांमुळे पिवळसर आणि बाहेरचे फाटे तरुण ताऱ्यांमुळे किंचित निळसर येतात. नैर्ऋत्येकडच्या फाट्यातील एनजीसी 206 हा तेजस्वी तरुण ताऱ्यांचा विशाल समूह वेगळा ओळखू येतो. गडद निळ्या-जांभळ्या रंगात बुडवलेल्या देवयानीची चित्रे आकर्षक असली तरी त्यांना या मोजणीचा आधार नसतो.

साठवलेल्या प्रकाशाकडे पुन्हा वळून पाहण्याची ही रीत संगणकाच्या आधीपासूनची आहे. आयझॅक रॉबर्ट्स हा व्यवसायाने बांधकाम करणारा हौशी खगोलनिरीक्षक. त्याने 1888 मध्ये 20 इंची परावर्तक दुर्बिणीने देवयानीचे दीर्घ एक्सपोजरचे छायाचित्र घेतले, त्यात तिची सर्पिल रचना प्रथमच स्पष्ट दिसली, आणि त्याला तिथे नवी सूर्यमाला घडताना दिसते आहे असे वाटले. प्रकाश अचूक टिपला गेला होता, त्याचा अर्थ मात्र चुकला होता. पुढे 5 आणि 6 ऑक्टोबर 1923 च्या दरम्यानच्या रात्री माउंट विल्सनवरील 100 इंची दुर्बिणीतून एडविन हबल याने घेतलेल्या छायाचित्रणाच्या काचेवर एका ठिपक्यापाशी त्याने आधी नवतारा या अर्थाचे अक्षर लिहिले. नंतर वेधशाळेत जपून ठेवलेल्या जुन्या काचांशी तुलना केल्यावर तो तारा ठरावीक काळाने उजळतो आणि मंदावतो असे दिसून आले, तेव्हा ते अक्षर खोडून तो रूपविकारी असल्याची नोंद उद्गारचिन्हासह केली. हा सेफीड प्रकारचा तारा निघाला, त्याचा आवर्तकाल सुमारे 31 दिवसांचा ठरला, आणि त्यावरून काढलेल्या अंतरातून देवयानी आपल्या आकाशगंगेच्या बाहेरची स्वतंत्र दीर्घिका असल्याचे सिद्ध झाले. जुन्या काचा कुणी फेकून दिल्या असत्या, तर हा निष्कर्ष निदान त्या वेळी निघाला नसता.

पुनःसंस्करणाला शास्त्राचे रूप दिले ते डेव्हिड मालिन यांनी. शिक्षणाने रसायनतज्ज्ञ असलेले मालिन 1975 मध्ये ऑस्ट्रेलियातील अँग्लो-ऑस्ट्रेलियन वेधशाळेत आले, आणि त्यांनी एका साध्या वस्तुस्थितीचा उपयोग करून घेतला: छायाचित्रणाच्या काचेवरील रासायनिक थरात अत्यंत मंद प्रकाशाचे चांदीचे कण थराच्या वरच्या पृष्ठभागाजवळ असतात, तर पार्श्वभूमीचा धूसरपणा थराच्या संपूर्ण खोलीत पसरलेला असतो. विसरित प्रकाशात मूळ काचेला अगदी चिकटवून तीव्र विरोधाच्या फिल्मवर नक्कल काढली, की फक्त वरच्या पृष्ठभागाजवळचे कण ठळक उमटतात. आधीच घेतलेल्या, तपासून झालेल्या आणि कपाटात ठेवलेल्या काचांमधून या पद्धतीने लंबवर्तुळाकार दीर्घिकांभोवतीची मंद कवचे दिसू लागली, जी दुसऱ्या दीर्घिका गिळल्याच्या खुणा आहेत. आणि 1986 मध्ये एक इतकी विशाल पण इतकी मंद दीर्घिका सापडली की तिला मालिन-1 हे नाव मिळाले. तिथे वर्षानुवर्षे कमतरता होती ती काचेवर आधीच असलेले वाचण्याच्या पद्धतीची.

या यशाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कालेय तारकासमूहातील एनजीसी 5907 ही कडेने दिसणारी सर्पिल दीर्घिका. तिच्याभोवती ताऱ्यांचा एक मंद प्रवाह असल्याचे 1998 मध्ये कळले होते. 2008 मध्ये डेव्हिड मार्टिनेझ-डेल्गाडो आणि सहकाऱ्यांनी, हौशी छायाचित्रकार आर. जे गाबनी यांनी न्यू मेक्सिकोतून अर्ध्या मीटरच्या दुर्बिणीने घेतलेल्या दीर्घ एक्सपोजरच्या आधारे, त्या प्रवाहाचे एकाहून अधिक वेढे दाखवणारे चित्र प्रसिद्ध केले. हौशी निरीक्षक व्यावसायिक संशोधनात काय भर घालू शकतो, याचे ते प्रतीकच बनले आणि दीर्घिकांच्या विलीनीकरणाच्या चर्चेत सर्वत्र वापरले गेले. 2019 मध्ये टेलिफोटो भिंगांच्या समूहाने बनलेल्या ड्रॅगनफ्लाय दुर्बिणीने पीटर व्हॅन डोक्कम यांच्या गटाने त्याच आकाशाचे खोल चित्र घेतले. त्यात प्रवाह तर स्पष्ट दिसला, पण दुसऱ्या वेढ्याचा पत्ता नव्हता, आणि त्याच वर्षी सर्बियातील मिलान्कोविच दुर्बिणीच्या चित्रांतही तो आढळला नाही. आकाशाच्या तेजाच्या एक टक्क्याहून मंद असलेल्या गोष्टीबाबत असे घडू शकते, ही बाब दडवून ठेवण्याचे कारण नाही. स्वतंत्र दुर्बिणीने, स्वतंत्र संवेदकाने आणि स्वतंत्र संस्करणाने पुष्टी मिळेपर्यंत अशा रचनेकडे शक्यता म्हणूनच पाहिले पाहिजे. आपल्याच आकाशगंगेतील धुळीचे विरळ ढगही दूरच्या ताऱ्यांचा प्रकाश परावर्तित करून हुबेहूब अशा प्रवाहांसारखे दिसतात, आणि त्यांना वेगळे ओळखण्यासाठी अवरक्त किरणांतील नकाशांशी तुलना करावी लागते.

अलीकडच्या शिकाऊ यंत्रणांवर, म्हणजे असंख्य प्रतिमांवरून प्रशिक्षित केलेल्या संगणकीय जाळ्यांवर, आधारलेल्या साधनांनी हा प्रश्न अधिक तीव्र केला आहे. वातावरणाने आणि भिंगांनी पसरवलेला ताऱ्याचा ठिपका पुन्हा एकवटण्याची डीकॉन्व्होल्यूशन ही क्रिया विल्यम रिचर्डसन यांनी 1972 मध्ये आणि लिऑन लूसी यांनी 1974 मध्ये मांडलेल्या गणितावर चालत आली आहे. हबल अवकाश दुर्बिणीच्या सदोष आरशाच्या पहिल्या वर्षांत तिचा मोठा आधार होता. तिचा अतिरेक झाला की ताऱ्यांभोवती काळी कडी उमटतात, म्हणजे चूक स्वतःच स्वतःला उघड करते. स्टारनेट तारे वेगळे काढते, 2022 च्या अखेरीस आलेले ब्लरएक्सटर्मिनेटर धूसरपणा कमी करते, आणि ही साधने कामात इतकी वाकबगार आहेत की चूक झाली तरी ती सुबक दिसते. देवयानीच्या फाट्यांमधील ताऱ्यांचे दाणेदार पुंज खरे असले, तर ते निम्म्या फ्रेम्सच्या एका स्टॅकमध्ये आणि उरलेल्या निम्म्या फ्रेम्सच्या दुसऱ्या स्टॅकमध्ये एकाच ठिकाणी दिसायला हवेत. एकात असतील आणि दुसऱ्यात नसतील, तर ते नॉइजमधून घडवलेले आहेत. फ्रेम्स दोन गटांत विभागून दोन्हींवर तीच क्रिया करून पाहण्याची ही कसोटी कोणत्याही साधनाला लावता येते, आणि ती न लावता नवा तपशील सापडल्याचे सांगणे घाईचे आहे.

पुनःसंस्करणाची मर्यादा कुठे येते, हे देवयानीनेच अलीकडे दाखवून दिले. मार्सेल ड्रेक्सलर, झेव्हियर स्ट्रॉटनर आणि यान सेंटी या हौशी छायाचित्रकारांनी दोनदा आयनीभूत झालेल्या ऑक्सिजनचा सुमारे 500.7 नॅनोमीटरचा हिरवट-निळा प्रकाशच तेवढा जाऊ देणारा अरुंद पट्ट्याचा फिल्टर लावून फ्रान्समधून 2022 मध्ये तिच्या दीर्घ एक्सपोजरच्या फ्रेम्स घेतल्या. तेव्हा दीर्घिकेच्या आग्नेयेला पूर्णचंद्राच्या सुमारे तिप्पट लांबीची, तोवर कुणाच्याही नजरेस न आलेली प्रकाशाची एक कमान दिसली. इतर दुर्बिणींतून तिची खात्री करून घेतल्यानंतर जानेवारी 2023 मध्ये ती व्यावसायिक संशोधकांच्या सहभागाने प्रसिद्ध झाली, शंभर तासांहून अधिक एक्सपोजरचे ते चित्र त्या वर्षी ग्रिनिचच्या शाही वेधशाळेच्या खगोलछायाचित्रण स्पर्धेत सर्वोत्कृष्ट ठरले, आणि ती कमान देवयानीजवळ आहे की आपल्याच आकाशगंगेतील एखाद्या ताऱ्याशी निगडित आहे, यावर संशोधन पुढे गेले. जगात सर्वाधिक छायाचित्रे घेतल्या गेलेल्या दीर्घिकेशेजारी हे घडावे, ही खरोखर थक्क करणारी गोष्ट आहे. पण सर्व रंग एकत्र टिपणाऱ्या कॅमेऱ्याने, फिल्टरशिवाय घेतलेल्या जुन्या फ्रेम्समध्ये ही कमान आकाशाच्या सरसकट प्रकाशाखाली गाडलेली असते, आणि त्या कितीही कौशल्याने पुन्हा संस्कारित केल्या तरी बहुधा ती वर येणार नाही, कारण तिच्या वाट्याचे फोटॉन नॉइजच्या तुलनेत पुरेसे जमलेलेच नाहीत.

ज्यात पुरेसे फोटॉन जमले आहेत, त्या फ्रेम्स जपणे मात्र पूर्णपणे निरीक्षकाच्या हातात असते. खगोलविदांनी 1981 मध्ये ठरवलेल्या फिट्स या स्वरूपात प्रत्येक फ्रेमसोबत तारीख, वेळ, एक्सपोजर, तापमान आणि फिल्टर यांची नोंद राहते, आणि म्हणून छायाचित्रण त्याच स्वरूपात करावे. केवळ 256 पातळ्या ठेवणाऱ्या जेपेग प्रतीतून मंद कड पुन्हा काढता येत नाही. 2 कोटी 60 लाख पिक्सेलच्या संवेदकाची सोळा बिटांची एक फ्रेम सुमारे 52 मेगाबाइटची असते, म्हणजे दोनशे फ्रेम्सना दहा गिगाबाइटच्या आसपास जागा लागते, जी आज फारशी महाग राहिलेली नाही. डार्क आणि बायस फ्रेम्स संवेदक चांगल्या स्थितीत असेपर्यंत नंतरही त्याच तापमानाला घेता येतात. फ्लॅटचे तसे नसते. कॅमेरा एकदा दुर्बिणीवरून काढला किंवा नुसता फिरवला की त्या रात्रीच्या धुळीची मांडणी परत कधीच मिळत नाही, आणि म्हणून जागा कमी पडू लागली तर दहा अंतरिम प्रती पुसाव्यात, पण फ्लॅट मूळ फ्रेम्ससोबत त्याच फोल्डरमध्ये राहू द्यावेत.